मोडलेल्या हाडाचे मोल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीवाश्म म्हणजे दगड झालेले हाड, ही शालेय पुस्तकांनी आपल्या मनात रुजवलेली समजूत पुष्कळ अंशी खरी आहे. प्राणी मरतो, त्याचे मांस कुजते, उरलेल्या हाडांवर गाळाचे थर चढतात, जमिनीतील पाण्यातून आलेली खनिजे हाडांच्या छिद्रांत शिरतात, आणि कोट्यवधी वर्षांनंतर हाडाचा आकार घेतलेला पाषाण तेवढा संशोधकाच्या हाती लागतो. त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या, आतडी हे सारे मऊ, म्हणून नाशवंत. ते उरत नाही, हे गृहीतच धरलेले असे. प्रथिनांचे रेणू फार तर काही दशलक्ष वर्षे तग धरतील, त्यापलीकडे नाही, असा रसायनशास्त्रज्ञांचा हिशेब होता. डायनोसॉर तर साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झाले. तेव्हा त्यांच्या हाडांत मऊ असे काही शोधणे हा वेळेचा अपव्यय ठरत असे.

या समजुतीला मोठा तडा गेला तो २००५ साली, आणि तोही एक हाड नाइलाजाने मोडावे लागले म्हणून. अमेरिकेतील माँटाना राज्याच्या पूर्व भागात हेल क्रीक नावाचा खडकांचा एक थर आहे. तेथे २००० साली टिरॅनोसॉरस रेक्स या प्रचंड मांसाहारी डायनोसॉरचा एक सांगाडा सापडला. वय सुमारे सहा कोटी ऐंशी लाख वर्षे. जागा दुर्गम होती, रस्ता नव्हता. प्लास्टरमध्ये गुंडाळलेला हाडांचा गठ्ठा हेलिकॉप्टरने उचलायचा होता, परंतु त्याला तो पेलवेना. शेवटी गठ्ठ्याचे दोन भाग करावे लागले आणि त्यात मांडीचे हाड मोडले. मोडलेल्या हाडाच्या आतील कपच्या नॉर्थ कॅरोलायनात मेरी श्वाइट्झर या संशोधिकेकडे गेल्या. एरवी उत्खननात हाडांना टिकाऊपणा यावा म्हणून डिंक आणि रसायने चोपडतात. या कपच्यांना ती लागलेली नव्हती.

श्वाइट्झर यांनी एका सौम्य रसायनात कपच्या ठेवून त्यांतील कॅल्शियमयुक्त खनिज विरघळवले. ताज्या हाडावर हा प्रयोग नेहमी करतात, खनिज निघून जाते आणि लवचिक प्रथिनांचा सांगाडा उरतो. जीवाश्मावर तो कोणी सहसा करत नसे. हाडाचा दगडच झालेला असेल, तर खनिज विरघळल्यावर भांड्याच्या तळाशी काहीच उरू नये. येथे उरले. चिमट्याने ओढले तर ताणले जाईल, सोडले तर मूळ आकारावर येईल असे काहीतरी उरले. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या, पारदर्शक, पोकळ नळ्या दिसल्या, त्या नळ्यांत तांबूस गोलाकार कण दिसले, आणि हाडांतील पेशींसारखे, बारीक तंतू पसरलेले आकार दिसले. नळ्यांची ठेवण आजच्या शहामृगाच्या हाडांतील रक्तवाहिन्यांशी जुळत होती.

त्याच हाडाने दुसरीही एक गोष्ट सांगितली. अंडी घालण्याच्या दिवसांत पक्ष्याच्या मादीच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक तात्पुरता थर साठतो. अंड्याचे कवच तयार करण्यासाठी तिचे शरीर तो वापरून टाकते. तसाच थर या हाडाच्या आतल्या बाजूस होता. म्हणजे हे जनावर मादी होते आणि मेले तेव्हा अंडी घालण्याच्या बेतात होते, निदान ऋतूत होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या एका प्राण्याबद्दल इतकी घरगुती म्हणावी अशी बातमी आजवर कोणत्याही सांगाड्याने दिली नव्हती. पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज, हे मत तोवर बहुतेक सर्वमान्य झाले होते. या थराने त्याला गर्भाशयाच्या बाजूने आधार मिळाला.

हा शोध एकाएकी आकाशातून पडला नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी, विद्यार्थिदशेत असताना, दुसऱ्या एका टिरॅनोसॉरसच्या हाडाचा पातळ काप पाहताना श्वाइट्झर यांना रक्तवाहिन्यांच्या जागी तांबडे कण दिसले होते. त्यांचे मार्गदर्शक जॅक हॉर्नर यांनी त्या वेळी त्यांना सांगितले ते प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आहे. या रक्तपेशी आहेत हे दाखवण्याच्या नादी लागू नका, त्या रक्तपेशी नाहीत हे सिद्ध करून पाहा, असा त्या सल्ल्याचा आशय होता. आपल्याला जे खरे असावेसे वाटते तेच खोटे पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, आणि तो फसला तरच पुढचे पाऊल टाकायचे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात म्हणूनच रक्तपेशी सापडल्याचा दावा नाही. हिमोग्लोबिनच्या अवशेषांसारखी रसायने आढळतात, एवढेच सावध विधान आहे.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती. १९९४ साली यूटामधील कोळशाच्या खाणीतून निघालेल्या सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डायनोसॉरचा डीएनए मिळाल्याचे एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. तपासाअंती तो डीएनए माणसाचा निघाला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याच्या बोटांतून, श्वासातून, धुळीतून असा कितीतरी डीएनए हवेत तरंगत असतो. आज ज्ञात असलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडमधील गाळातला, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे. तो २०२२ साली जाहीर झाला. डायनोसॉरचा काळ त्याच्या तीसपटींहून अधिक मागे जातो. चित्रपटात दाखवतात तसे डायनोसॉर पुन्हा जन्मास घालता येतील, ही आशा किंवा भीती बाळगण्यास आज कोणताही आधार नाही.

२००५ नंतर जे घडले ते शोधाइतकेच उद्बोधक आहे. २००७ साली त्याच मांडीच्या हाडातून कोलॅजेन या प्रथिनाचे काही तुकडे वाचता आल्याचा आणि ते कोंबडीच्या कोलॅजेनशी सर्वाधिक जुळत असल्याचा दावा झाला. २००८ साली दुसऱ्या एका गटाने सांगितले की या नळ्या रक्तवाहिन्या नव्हेतच. हाडाच्या पोकळ्यांत नंतर वाढलेल्या जिवाणूंनी सोडलेला चिकट थर त्या पोकळ्यांचा आकार घेऊन बसला आहे. २००९ साली श्वाइट्झर यांनी आठ कोटी वर्षांपूर्वीच्या, चोचीसारख्या तोंडाच्या एका शाकाहारी डायनोसॉरच्या हाडावर तीच परीक्षा केली, आणि या वेळी नमुने बाहेरच्या स्वतंत्र प्रयोगशाळांकडूनही तपासून घेतले. निष्कर्ष पुन्हा तसाच आला. २०१७ साली आणखी एका गटाने दाखवून दिले की २००७ च्या मापनात आलेले तुकडे त्याच प्रयोगशाळेत हाताळलेल्या शहामृगाच्या हाडापासून आलेले असण्याचा संभव नाकारता येत नाही. २०१९ साली कॅनडातील एका ताज्या उत्खननातून काढलेल्या डायनोसॉरच्या हाडात आजचे जिवंत सूक्ष्मजीव मोठ्या संख्येने राहत असल्याचे आढळले.

मग टिकले काय? सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या लवचिक नळ्या आणि पेशींचे आकार आज पुष्कळ नमुन्यांतून मिळाले आहेत. त्यांचे अस्तित्व फारसे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो त्या कशाच्या बनलेल्या आहेत याचा. त्यात मूळ प्रथिन कितपत शिल्लक आहे, आणि रूपांतर होऊन वेगळेच काही झालेले कितपत आहे, हा प्रश्न मिटलेला नाही. टिकण्याच्या कारणांविषयी मात्र चांगले काम झाले. श्वाइट्झर यांनी शहामृगाच्या रक्तवाहिन्या लोहयुक्त रक्तद्रवात ठेवल्या, त्या दोन वर्षांनंतरही ओळखू येत होत्या. नुसत्या पाण्यात ठेवलेल्या काही दिवसांत कुजल्या. रक्तातील लोहच मृत्यूनंतर ऊतींना जणू कातडे कमावल्यासारखे पक्के करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी निराळी वाट दाखवली. प्राणवायूयुक्त वातावरणात प्रथिने आणि मेद यांची एकमेकांशी अशी गुंफण होते की मूळ प्रथिन राहत नाही, पण त्याची घडण राहते. भाजलेल्या पावाच्या कवचावर जो तपकिरी रंग चढतो, तशाच प्रकारची ही क्रिया.

२०१५ चे एक उदाहरण विशेष आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जवळजवळ शतकापूर्वी जमा झालेले, फुटके, प्रदर्शनात मांडण्याच्याही लायकीचे नसलेले डायनोसॉरच्या हाडांचे आठ तुकडे काही संशोधकांनी कपाटातून काढले. त्यांतून तंतुमय रचना आणि तांबड्या पेशींसारखे आकार मिळाले. म्हणजे मऊ ऊतींचा मागमूस मिळण्यासाठी सांगाडा देखणा असावा लागतो असे नाही. कोणाचेही लक्ष न गेलेला तुकडा पुरतो, मात्र तो कोणीतरी जपून ठेवलेला असला पाहिजे आणि तो फोडण्याची परवानगी मिळाली पाहिजे.

या शोधाचा एक दुरुपयोग झाला, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असे बायबलच्या शब्दशः अर्थावरून मानणारा एक मोठा गट अमेरिकेत आहे. हाडात मऊ ऊती सापडल्या, मऊ ऊती फार काळ टिकत नाहीत, म्हणून हाडे फार जुनी नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. वरवर तो तर्कशुद्ध दिसतो. परंतु खडकाचे वय हाडाच्या मऊपणावरून ठरवलेले नसते. हाडाच्या खालच्या आणि वरच्या थरांतील ज्वालामुखीच्या राखेत किरणोत्सारी मूलद्रव्यांचा जो क्षय होतो, त्याच्या मापनावरून ते ठरते, आणि निरनिराळ्या मूलद्रव्यांची घड्याळे तेच वय दाखवतात. तेव्हा दोन विधानांपैकी एक दुरुस्त करायचे झाले, तर ते ऊती किती काळ टिकतात याविषयीचे. आणि ते प्रयोगाने तपासता येते. श्वाइट्झर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत, आणि आपल्या कामाचा असा वापर होतो याबद्दल त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. निष्कर्ष आधी ठरवून मागाहून सोयीचा पुरावा वेचण्याची ही रीत काही अमेरिकेपुरती मर्यादित नाही, हे श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नसावी.

हाडाच्या आतून आता बाहेर, त्वचेकडे वळू. १९०८ साली चार्ल्स स्टर्नबर्ग आणि त्यांचे पुत्र यांना वायोमिंगमध्ये एडमाँटोसॉरस या शाकाहारी डायनोसॉरचा देह सापडला. हाडांवर सुरकुतलेल्या, खवलेदार त्वचेचा ठसा होता. त्याला ‘ममी’ म्हणू लागले, आणि वाळलेली त्वचाच दगड झाली असे मानले गेले. २०२५ साली पॉल सेरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच भागातून काढलेल्या अशा आणखी दोन ‘ममी’ तपासल्या. एक अवघ्या दोनेक वर्षांचे पिल्लू, दुसरा तरुण प्राणी. त्यांना आढळले की त्वचा अशी उरलेलीच नाही. पुराच्या गाळात गाडल्या गेलेल्या वाळक्या देहावर चिकणमातीचा, एका मिलिमीटरहूनही पातळ असा थर बसला, आतली त्वचा नंतर कुजून गेली, आणि मातीचा मुखवटा तेवढा राहिला. पण तो मुखवटा इतका हुबेहूब की पाठीवरील मांसल तुरा, शेपटीवरील काट्यांची ओळ आणि मागील पायांचे खूर त्यावरून रेखाटता आले. म्हणजे ‘मऊ ऊती मिळाल्या’ या एका वाक्याखाली तीन-चार भिन्न गोष्टी येतात: कधी रूपांतरित ऊती, कधी तिच्या जागी आलेले खनिज, कधी नुसता साचा. वृत्तपत्रांचे मथळे हा भेद करत नाहीत.

चीनच्या लिआवनिंग प्रांतात सरोवरांच्या तळाशी साचलेल्या राखमिश्रित गाळाने पिसे सांभाळली. १९९६ साली तेथे सिनोसॉरोप्टेरिक्स हा अंगावर मऊ लव असलेला छोटा डायनोसॉर प्रकाशात आला. तो एका शेतकऱ्याला सापडला होता. शिळा मधोमध दुभंगली होती आणि तिच्या दोन्ही अर्धुकांवर त्याच प्राण्याचा ठसा होता. शेतकऱ्याने एक अर्धुक बीजिंगच्या आणि दुसरे नानजिंगच्या संस्थेला विकले. २०१० साली त्या लवेतील रंगकणांचे आकार तपासून शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते असे अनुमान निघाले. डायनोसॉरांच्या रंगांविषयी तोवर चित्रकाराच्या कल्पनेपलीकडे काहीच नव्हते.

कॅनडातील आल्बर्टा प्रांतातील हकीकत मात्र जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. फोर्ट मॅकमरेजवळ तेलमिश्रित वाळूची मोठी उघडी खाण आहे. २१ मार्च २०११ रोजी तेथे शॉन फंक हा कामगार खोदयंत्र चालवत असताना फावड्याला नेहमीपेक्षा कठीण आणि वेगळ्या रंगाचे काही लागले. त्याने यंत्र थांबवले. थांबवले नसते तर पुढच्या काही मिनिटांत सारे चिरडून गेले असते, आणि कोणाला पत्ताही लागला नसता. खाणीने तो भाग राखून ठेवला आणि रॉयल टिरेल म्युझियमचे लोक येऊन पोहोचले. उचलताना शिळा स्वतःच्या वजनाने मोडली. तुकडे प्लास्टरमध्ये बांधून संग्रहालयात नेले. तेथे मार्क मिचेल या तंत्रज्ञाने सुमारे साडेपाच वर्षे, ७,००० तास, सुईने कण कण टोकरून दगडातून प्राणी मोकळा केला. २०१७ साली त्या प्राण्याचे नामकरण झाले तेव्हा त्याच्या जातिनामात मिचेल यांचे नाव घातले गेले. प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्या माणसाला असा मान क्वचित मिळतो. बहुधा तो मान देणगीदाराला मिळतो.

बोरिआलोपेल्टा नावाचा हा चिलखतधारी शाकाहारी डायनोसॉर सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वीचा, लांबी साडेपाच मीटर, वजन अंदाजे १,३०० किलो. मेल्यावर त्याचे फुगलेले प्रेत वाहत समुद्रात गेले आणि तळाशी पाठीवर पडून गाळात रुतले. त्याच्या खवल्यांवरील शिंगासारख्या आवरणाच्या रासायनिक तपासणीवरून पाठ तांबूस-तपकिरी आणि पोट फिके असावे असे अनुमान काढण्यात आले. पाठ गडद आणि पोट फिके ही रंगरचना नजरेस न पडण्यासाठी असते. हरणात ती आढळते, हत्तीत किंवा गेंड्यात नाही, कारण मोठ्या जनावराला लपण्याची गरज पडत नाही. मग एवढ्या वजनाच्या, अंगभर काटे असलेल्या प्राण्याला लपावे का लागत होते? त्याचे शत्रू तसेच असले पाहिजेत. सांगाडा शत्रूंची नावे सांगतो, त्यांची दहशत त्वचेच्या रंगाने सांगितली. त्याच्या पोटात शेवटचे जेवणही राहिले होते. २०२० साली त्याचे विश्लेषण झाले: बहुतांशी नेच्याची पाने, थोडी लाकडी डहाळी, थोडा कोळसा. डहाळीच्या वाढीच्या वलयांवरून तो वसंताच्या अखेरीस किंवा ग्रीष्मात मेला, आणि कोळशावरून तो वणवा लागून गेलेल्या रानात नव्याने फुटलेल्या कोवळ्या पाल्यावर चरत होता, असे दिसते.

आता अर्थकारणाचा मुद्दा. आल्बर्टात १९७८ पासून कायदा असा आहे की जमिनीतून निघणारा जीवाश्म प्रांताच्या मालकीचा असतो. खाण कोणाची, यंत्र कोणाचे, याने फरक पडत नाही. त्यामुळे फंक यांनी यंत्र थांबवल्यावर पुढे काय करायचे याबद्दल कोणाशी घासाघीस करावी लागली नाही. अमेरिकेत सरकारी जमिनीवरील जीवाश्म सार्वजनिक, पण खाजगी जमिनीवरचा जमीनमालकाचा. तो वाटेल त्याला विकू शकतो. त्याचे फळ लिलावघरांत दिसते. ‘सू’ हा टिरॅनोसॉरस १९९७ साली ८३ लाख ६० हजार डॉलरना गेला. काही कंपन्यांच्या देणग्या मिळाल्या म्हणून शिकागोचे फील्ड म्युझियम तो घेऊ शकले. २०२० साली ‘स्टॅन’ ३ कोटी १८ लाखांना विकला गेला. जुलै २०२४ मध्ये ‘एपेक्स’ नावाच्या स्टेगोसॉरसला ४ कोटी ४६ लाख डॉलर आले, आणि तो एका अब्जाधीश गुंतवणूकदाराने घेतला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात तो पुढे ठेवला गेला, परंतु उसना म्हणून. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार टिरॅनोसॉरस रेक्सचे शास्त्रीय दृष्ट्या उपयुक्त असे ६१ नमुने सार्वजनिक संस्थांकडे, तर ७१ खाजगी संग्राहक आणि व्यापारी यांच्याकडे होते.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. व्यापारी खोदले नाहीत तर वारा-पावसाने ही हाडे झिजून मातीमोल होतील. सरकारी संग्रहालयांकडे ना माणसे, ना पैसा. आणि स्टर्नबर्ग पितापुत्र तरी काय होते, जीवाश्म खोदून विकण्यावरच त्यांचे पोट चालत होते. हे सर्व खरे आहे. पण स्टर्नबर्ग यांचे गिऱ्हाईक संग्रहालये होती. १९०८ च्या ‘ममी’साठी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात चुरस झाली, आणि दोहोंपैकी कोणीही जिंकले असते तरी अभ्यासकाला दार उघडेच राहिले असते. आजची चुरस संग्रहालयांच्या आवाक्यातच राहिलेली नाही.

याहून खोल अडचण मऊ ऊतींच्या संशोधनाच्या स्वरूपातच आहे. अर्थशास्त्रात ज्ञानाचे एक वैशिष्ट्य सांगतात: एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. ज्या हाडातून ते ज्ञान मिळते त्याचे मात्र तसे नाही. प्रत्येक परीक्षेत हाडाचा काही अंश विरघळतो, जळतो, संपतो. २००७ चा दावा बरोबर की २०१७ ची शंका बरोबर, हे ठरवायचे तर त्याच हाडाचा आणखी तुकडा खर्ची घालावा लागतो, तोही प्रतिपक्षाच्या हाती द्यावा लागतो. बाजार नेमकी उलटी अट घालतो. तेथे किंमत अखंडतेला, देखणेपणाला आणि चकाकीला. चार कोटी डॉलर मोजलेल्या सांगाड्याची मांडी करवतीने कापू द्या, असे मालकाला कोण सांगणार? आणि त्याने एकाला कापू दिली, तरी त्याच्यावर शंका घेणाऱ्या दुसऱ्याला देईल याची हमी काय? म्हणूनच खाजगी मालकीतील नमुन्यांवर निबंध स्वीकारण्यास बऱ्याच शास्त्रीय नियतकालिकांची हरकत असते. ही हरकत मत्सरापोटी नाही. जो पुरावा पुन्हा तपासता येत नाही तो पुरावा कसला, एवढाच तिचा अर्थ.

बाजाराच्या मागणीने वस्तूही बिघडते. १९९९ साली लिआवनिंगमधून अमेरिकेत आलेला ‘आर्किओरॅप्टर’ हा पक्षी आणि डायनोसॉर यांच्यामधला दुवा म्हणून गाजला. अरिझोनातील जीवाश्मांच्या बाजारात तो ८० हजार डॉलरना विकत घेतलेला होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहता भिन्न प्राण्यांचे तुकडे जोडून तो बनवल्याचे उघड झाले. संपूर्ण प्राण्याला भाव अधिक, म्हणून गरीब खोदणाऱ्यांकडून तुकडे जोडले जातात. त्यात नीतीचा प्रश्न आहेच, पण भाव कोण ठरवतो हाही आहे. म्यानमारच्या काचिन प्रदेशातील अंबराची कथा अधिक दारुण आहे. २०१६ साली तेथील अंबराच्या खड्यात सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या एका इवल्या डायनोसॉरची पिसांसकट शेपूट सापडली. खडा बाजारात मिळाला होता. ज्या खाणींतून असे खडे येतात त्या प्रदेशात सैन्य आणि काचिन बंडखोर यांचा संघर्ष चालत आलेला आहे, आणि अरुंद विवरांत उतरून जिवावर उदार होऊन खोदणाऱ्यांच्या श्रमावर दोन्ही बाजूंनी कर बसलेला आहे. पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संस्थेने २०२० साली नियतकालिकांना आवाहन केले की २०१७ मधील सैनिकी कारवाईनंतर बाहेर आलेल्या अशा अंबरावरील निबंध तूर्त स्वीकारू नयेत. अभ्यासकांत यावर मतभेद झाले. आवाहन योग्य होते असेच म्हणावे लागेल.

ब्राझीलने वेगळा मार्ग दाखवला. तेथे १९४२ पासून जीवाश्म राष्ट्राचे आहेत. ईशान्येकडील सेआरा राज्यात चुनखडीच्या फरश्या काढणाऱ्या खाणी आहेत. फरशी फोडताना मासे, कीटक, कधी डायनोसॉर निघतो. अशाच एका फरशीवरचा, मानेवर लव आणि खांद्यांवर फितीसारखी पिसे असलेला एक छोटा डायनोसॉर जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील सरकारी संग्रहालयात गेला होता. २०२० साली त्याचे ‘उबिराजारा’ असे नामकरण तेथूनच प्रसिद्ध झाले. त्यात ब्राझीलचा एकही संशोधक नव्हता. ब्राझीलमधील तरुण अभ्यासकांनी, विशेषतः स्त्री-संशोधकांनी, समाजमाध्यमांतून मोहीम उघडली. निबंध मागे घेतला गेला, २०२२ साली जर्मन राज्य सरकारने जीवाश्म परत करण्याचे ठरवले, आणि जून २०२३ मध्ये तो ब्राझीलमध्ये पोहोचला. त्याला राजधानीत न ठेवता सेआरातीलच सांताना दो कारिरी या लहान गावातील संग्रहालयात ठेवले आहे. फरशी फोडणाऱ्या कामगारांची मुले तो तेथे पाहू शकतात.

आपल्याकडे काय आहे? ज्या वर्षी माँटानातील मोडक्या मांडीचा निबंध आला, त्याच २००५ च्या नोव्हेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा येथील जीवाश्मांवर एक निबंध प्रसिद्ध झाला. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेच्या वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांचे स्वीडनमधील व इतर सहकारी यांनी डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेचे गोळे तपासले. त्यांत वनस्पतींच्या पेशींत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. मऊ पेशी गेली, तिचा साचा राहिला. त्यांतले काही कण निरनिराळ्या जातींच्या गवतांचे होते. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, असे जगभरची पुस्तके तोवर सांगत होती. विदर्भातल्या शेतांत पडलेल्या, शोभेच्या बाजारात कवडीही न येणाऱ्या या गोळ्यांनी ते विधान बदलले. अर्थात तेही गोळे फोडावेच लागले.

जबलपूरजवळ १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला मिळालेल्या हाडांवरून १८७७ साली टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिले गेले. त्यातला शेपटीचा मणका शतकाहून अधिक काळ हरवलेला मानला जात होता. २०१२ साली तो कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. संग्रह ढिसाळ होता, पण सार्वजनिक होता, म्हणून मणका होता. भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा सारे अधिकार एकट्या सर्वेक्षण खात्याच्या हाती एकवटतात, विद्यापीठे आणि इतर संस्था यांना त्यात स्थान नाही, असा आक्षेप अनेक भूशास्त्रज्ञांनी घेतला. आक्षेप रास्त आहे. मालकी सरकारी झाली तरी कपाटाची किल्ली एकाच खात्याच्या खिशात राहिली, तर शंका घेणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेला तुकडा मिळणे तितकेच अवघड होईल. आणि पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी ज्याच्या नांगराच्या फाळाला असा गोळा लागेल, त्याने तो बांधावर न फेकता कोणाकडे न्यावा, तालुक्याच्या गावी तो घेणारे कोणी आहे की नाही, आणि दिल्याबद्दल त्याच्या शेतावर निर्बंध येऊन त्याचे नुकसान होणार नाही ना, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कायद्याला आधी द्यावी लागतील.